गड्ड्याला जाताना

संक्रांत आठ दिवसांवर आली की आमची आजी ट्रंक उघडायची. तळाशी घडी घालून ठेवलेली आजोबांची बाराबंदी बाहेर काढायची, उन्हात टाकायची आणि मग आम्हा चौघा भावंडांकडे वळून म्हणायची, ‘आता तुमचं काय करायचं ते सांगा.’ गड्ड्याला काय घालून जायचं आणि बरोबर काय बांधून न्यायचं, हा विषय त्या काळी सोलापुरात दिवाळीच्या फराळाइतकाच गांभीर्याने घेतला जाई.

सोलापूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. गड्डा म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची यात्रा. सिद्धराम हे बाराव्या शतकातले शिवयोगी. त्यांनी या गावात तलाव खोदवला, ६८ लिंगं स्थापन केली. त्यांच्याशी लग्न करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येची कथा इथलं लहान मूलही सांगेल. सिद्धरामांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला संमती दिली. तोच विवाह दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास पुन्हा लागतो. उंचच उंच सात नंदीध्वज मिरवत देवळाकडे येतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. म्हणजे मुळात हे लग्न आहे आणि अख्खं गाव वऱ्हाडी. आणि देवळाला लागूनच होम मैदानावर पाळणे, आरसेमहाल, ‘मौत का कुआँ’, बांगड्यांची आणि भांड्यांची दुकानं. लग्नाचा पोशाख करून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत फुफाट्यात लोळून यायचं, असा हा दुहेरी मामला!

लग्नाचा पोशाख म्हणजे बाराबंदी. पांढऱ्या सुती कापडाचा, गुंडी-काज नसलेला, बंदांनी बांधायचा हा अंगरखा. शिवलेल्या कपड्यांना गुंड्या लावण्याची चाल आपल्याकडे रुळली तशी बाकी महाराष्ट्रातून बाराबंदी हळूहळू नाहीशी झाली. आता ती बहुतेकांना नाटकात नाहीतर तमाशाच्या फडातच दिसते. सोलापुरात मात्र नंदीध्वजाच्या मानकऱ्यांनी ती सोडली नाही आणि त्यांचं पाहून हजारो भाविकांनीही. कन्नड बोलणारा, तेलुगू बोलणारा, मराठी बोलणारा, कोण कुठल्या पेठेतला, हे त्या पांढऱ्या गर्दीत ओळखू येत नाही. आजोबा गिरणीत जॉबर होते. एरवी ते आणि त्यांचे साहेब एका बाकावर बसले नसते. त्या दिवशी दोघांच्याही अंगावर तेच कापड.

डोक्यावर काय घालायचं, याचीही या शहरात एक वेगळी आठवण आहे. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत इथे लष्करी कायदा पुकारला गेला. गांधी टोपी डोक्यावर दिसली तरी शिपाई ती उतरवायला लावत. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. तारीख बघा. संक्रांत दोन दिवसांवर होती. आजोबा सांगायचे, ‘त्या साली आपल्या घरात कुणी नवा कपडा अंगाला लावला नाही.’ यापलीकडे ते त्याविषयी बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

असो. कपड्यांनंतर गाठोडं. सोलापूरची जानेवारी मोठी लबाड. पहाटे सोळा-सतरा अंश, कुडकुडायला लावणारी. दुपारी पारा तिशीच्या वर. खेड्यांतून बैलगाडीने येणारे शेतकरी घोंगडी आणत. तिचं काम अनेकपदरी. पहाटे पांघरायची, दुपारी गाडीवर सावलीला टाकायची, रात्री अंथरायची. आम्हा शहरातल्यांकडे चादर. गावाच्या नावाने देशभर ओळखली जाणारी ही चादर सोलापूरकर पाहुण्यांना भेट देतो, पण गड्ड्यावर तिचा खरा उपयोग गाठोडं बांधायला! त्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदे आणि तीळगुळाचा डबा. कडक भाकरीची थोरवी अशी की ज्वारीची ही पातळ, वाळवलेली भाकरी दिवसचे दिवस टिकते. पाणी मात्र आजी घरूनच तांब्याच्या फिरकीच्या तांब्यात घ्यायची. यात्रेत पटकी पसरल्याच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकल्या होत्या. मैदानावरचं सरबत मागितलं की डोळे वटारायची.

राहिला पैशांचा प्रश्न. आज हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण खिसा ही वस्तू आपण गृहीत धरतो. आजोबांच्या बाराबंदीला खिसा नव्हता, धोतराला तो असायचं कारणच नाही. नाणी कनवटीला खोचलेली, नाहीतर पान-सुपारीच्या चंचीत. आजीच्या इरकलीच्या पदराला एक गाठ असे. तीत किती आहेत हे आजोबांनाही ठाऊक नसायचं. गड्ड्यावर पाकीटमारांची चलती असायची, पण आजीची गाठ कुणाला सुटली नाही. आम्हा मुलांच्या शर्टांना खिसा होता, म्हणून आमच्या हाती पैसेच देत नसत.

आता आमचे शर्ट. वडीलही गिरणीतच. गिरणीच्या दुकानात कामगारांना कापड सवलतीत मिळायचं, म्हणून वडील एकच तागा आणत आणि त्यात आम्हा तिघा भावांचे शर्ट, बहिणीचा झगा, उरलंसुरलं तर उशीचा अभ्रा. १९६४ साली निळ्या पट्ट्यांचा तागा आला होता. मी तेव्हा आठ वर्षांचा. ‘एकसारखे कपडे असले की गर्दीत पोरं सापडतात,’ असं वडिलांचं म्हणणं. त्यात तथ्यही होतं. एक चुकला तर बाकीच्यांना दाखवायचं: ‘असल्या शर्टातला पोरगा पाहिलात का?’

त्या वर्षी मी चुकलो. आरसेमहालातून बाहेर पडलो तो दुसऱ्याच दाराने. पोटाचा घडा झालेलं माझं रूप पुन्हा पाहावं म्हणून मागे वळलो, तेवढ्यात आमची मंडळी दिसेनाशी झाली. अंधार पडत होता, गॅसबत्त्या पेटत होत्या, धूळ इतकी की पाळण्याचे वरचे डबे दिसत नव्हते. कुणीतरी मला पोलिसांच्या राहुटीत नेऊन बसवलं. तिथे आणखी पाच-सहा मुलं रडत होती आणि त्यांतल्या दोघांच्या अंगात माझ्यासारखाच निळ्या पट्ट्यांचा शर्ट!

नवल काहीच नव्हतं. आमच्या चाळीत, शेजारच्या चाळीत, त्या गिरणीतल्या अर्ध्याअधिक घरांत त्या वर्षी तोच तागा गेला होता. हवालदाराने कर्ण्यातून पुकारलं, ‘निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला मुलगा’ आणि राहुटीसमोर चार घरची माणसं जमली. एक काका तर माझ्या दंडाला धरून निघालेच होते. घाबरून माझ्या तोंडून शब्द फुटेना. नाव विचारलं तर मी ‘बाळ्या’ म्हणालो. आता बाळ्या घरोघर असतो!

आजी गर्दी सारत पुढे आली. ‘हवालदारसायब, शर्टाकडं बघू नका. पोराची कंबर बघा. करदोट्यात पैसा हाय, भोकाचा.’

हवालदाराने शर्ट वर केला. काळ्या करदोट्यात ओवलेला भोकाचा पैसा तिथे होता. युद्धाच्या काळात धातू वाचवायचा म्हणून १९४३ पासून काही वर्षं सरकारने मधोमध भोक असलेले पैसे पाडले होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर झाले आणि जुन्या पैशाला हळूहळू कुणी विचारेना. आजीने नेमका तोच निवडला होता. का, ते मी पुढे मोठेपणी विचारलं, तर म्हणाली, ‘चालणारा पैसा बांधला असता तर तुम्ही भज्यात घालवला असता.’ आम्हा चौघांच्या कमरेला प्रत्येकी एक होता. बहिणीच्या पैशाला तिने लाल दोराही गुंडाळला होता. मुलगी चुकली तर जास्त घोर, असं तिचं गणित असावं. आम्हाला मात्र तेव्हा तो दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय, असंच वाटे.

हवालदाराने रजिस्टरवर आजीचा अंगठा घेतला. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तिने पदराची गाठ सोडली, दहा नवे पैसे काढले आणि मला पाळण्यात बसवलं. स्वतः खाली उभी राहून माझ्या डब्यावर नजर ठेवून होती. डबा वर गेला की तिचं तोंड वर, खाली आला की खाली.

घरी परतल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी तागा बदलला का? छे! हिरव्या पट्ट्यांचा होता, पण गिरणीच्याच दुकानातला आणि चाळभर तोच. सवलत कोण सोडतो?