एकच मेंदू, दोन एमआरआय मशीन, दोन वेगळे आकडे! असं का होतं?

डोक्याला जबर मार बसलेल्या काही जणांना कित्येक महिन्यांनी फिट यायला लागतात. कुणाला येतील, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. त्याची खूण एमआरआयमध्ये सापडते का, हे शोधायला 'एपिबायोस' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात उंदरांवर काम झालं. मेंदूला इजा केल्यावर २ दिवस, ९ दिवस, १ महिना आणि ५ महिन्यांनी स्कॅन. तेही तीन देशांत: फिनलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका.

तीन देश कशाला? इजा झालेल्या सगळ्याच उंदरांना अपस्मार होत नाही. त्यामुळे उंदीर भरपूर लागतात, आणि एका लॅबला ते झेपत नाही.

मग घोळ कुठे होतो?

हॉस्पिटलमधलं मशीन सहसा १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक. या उंदराचा मेंदू जेमतेम २ ग्रॅमचा, म्हणून त्याला जास्त ताकदीचं मशीन लागतं. या प्रकल्पात दोन ठिकाणी ७ टेस्लाचं मशीन होतं, मेलबर्नला मात्र ४.७ टेस्लाचं.

आता 'टी-टू' हा आकडा बघा. मेंदूतून येणारा सिग्नल किती मिलिसेकंदांत विरतो, ते तो सांगतो. सूज आली, पाणी वाढलं की टी-टू वाढतो. पण चुंबक कमी ताकदीचं असलं तरीही तो वाढतो! म्हणजे ४.७ टेस्लावरचा ठणठणीत मेंदू ७ टेस्लाच्या हिशोबाने सुजलेला वाटू शकतो. अंतराचंही तसंच. मशीनची मोजपट्टी तिन्ही दिशांना २ टक्के चुकली, तर आकारमान सुमारे ६ टक्के चुकतं.

आणि सगळा दोष मशीनचाच असतो असंही नाही. भूल किती दिली, उंदराचं अंग किती गरम होतं, यानेही मोजमाप हलतं. थंड शरीरात पाण्याचे रेणू हळू फिरतात, आणि डिफ्युजन स्कॅन नेमकी तीच हालचाल मोजतो.

यावर उपाय म्हणजे 'फँटम'. (भुताशी संबंध नाही.) ही ठरावीक गुणधर्मांचा द्रव भरलेली डबी किंवा नळी असते. ती प्रत्येक मशीनमध्ये स्कॅन करून आकडे जुळवून बघतात. शिवाय भुलीची आणि स्कॅनची पद्धत शक्य तितकी एकसारखी ठेवायची. तरीही ४.७ चे ७ टेस्ला होत नाहीत. म्हणून इजा झालेल्या उंदराची तुलना आधी त्याच मशीनवर स्कॅन केलेल्या, इजा न झालेल्या उंदरांशी करावी लागते.