दोन जिवांची बाई आणि लशीची रांग

मंडळी, इतिहास शिकवायचे तेव्हा मुलांना मी नेहमी सांगायची, सनावळी पाठ करायच्या आधी एक प्रश्न विचारत जा : त्या दिवशी रांगेत कोण उभं होतं आणि रांगेबाहेर कोण होतं?

१६ जानेवारी २०२१ ही तारीख घ्या. त्या दिवशी आपल्या देशात करोनाची लस द्यायला सुरुवात झाली. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आशाताई, सफाई कामगार. योग्यच होतं ते. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस द्यायची नाही, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं आधीच कळवलं होतं. कारण सरळ होतं. त्यांच्यावर लशीची चाचणीच झालेली नव्हती.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). लशीच्या रांगेतून दोन जिवांची सिस्टर बाहेर, पण ड्यूटीच्या यादीत तिचं नाव तसंच. ऑफिसातली बाई घरून काम करू शकते. सलाइन काही घरून लावता येत नाही.

गरोदरपणात लस म्हणजे काहीतरी भलतंच, असं ज्यांना वाटतं त्यांना मी धनुर्वाताची आठवण करून देते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बायकांनी पोटुशी असताना टीटीचं इंजेक्शन घेतलं आहे. पूर्वी घरच्या बाळंतपणात नाळ कापायला जे हाताला लागेल ते घेत. विळा, दगड, पातं. त्यातून नवजात बाळाला धनुर्वात व्हायचा, तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा करताना आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात जी धास्ती असे, तिच्यात या रोगाचाही वाटा असणार असं मला वाटतं. १९६१ साली शोफिल्ड नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू गिनीतला अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदर आईला धनुर्वाताची लस दिली तर तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळ वाचतं, असं त्यात दिसलं. आईच्या दंडात सुई आणि राखण बाळाची! १९८८ साली जगात या रोगानं सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१५ साली भारतातून त्याचं निर्मूलन झाल्याचं मान्य झालं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा रोग होणं. स्वच्छ बाळंतपण आणि ते साधं इंजेक्शन, या दोन्हींचं हे श्रेय.

मग इतकी भीती आली कुठून? ती थॅलिडोमाइडमधून आली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं जाऊ लागलं. पुढे हातपाय न वाढलेली बाळं जन्मायला लागली. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं, तोवर अनेक देशांत मिळून दहा हजारांहून जास्त बाळांना बाधा झाली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, आणि तो देश बहुतांशी वाचला.

या प्रकरणातून जगानं जो धडा घेतला तो मात्र अर्धाच होता. 'नीट तपासल्याशिवाय गरोदर बाईला काही देऊ नका', हा खरा धडा. जगानं ऐकलं ते असं : 'गरोदर बाईवर काही तपासूच नका.' १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं अशी सूचनाच काढली. ती १९९३ साली बदलली, पण गरोदर बाईला चाचणीपासून लांब ठेवायची सवय टिकली.

जपायचं म्हणून तपासलं नाही, तपासलं नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून द्यायचं नाही. हे चक्र २०२१ साली कोविड वॉर्डात येऊन थांबलं.

आमच्या घरातली गोष्ट इथे सांगायला हवी, कारण त्याशिवाय हे नुसतं पुस्तकी वाटेल. माझी एक भाची एका रुग्णालयात सिस्टर आहे. त्या जानेवारीत तिला तिसरा महिना होता. तिनं फोनवर विचारलं, "आत्या, अजून पोट दिसत नाही. रांगेत उभी राहिले आणि काही बोललेच नाही तर कोणाला कळणार आहे?" तिला माझं मत नको होतं, नुसतं मोठ्यानं बोलून बघायचं होतं. रोज ज्यांचा ऑक्सिजन मोजायचा त्यांचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. दुसरीकडे पोटातल्या जिवाला काही झालं तर आयुष्यभर स्वतःलाच बोल लावावा लागणार. शेवटी तिनं खरं सांगितलं आणि तिला परत पाठवलं. मास्क, चष्मा, तो प्लॅस्टिकचा अंगरखा आणि आतून घामानं भिजलेली सहा-सहा तासांची पाळी, असं तिचं गरोदरपण गेलं.

ज्या वेळी ती परत फिरत होती, त्याच वेळी अमेरिकेत तिच्यासारख्याच बायका दुसऱ्या वाटेनं जात होत्या. तिथे डिसेंबर २०२० मध्ये लशीला परवानगी मिळाली. गरोदर कर्मचारी स्त्रीला हवी असेल तर तिनं घ्यावी, असं तिथल्या आरोग्य यंत्रणेनं ठरवलं. चाचणीची माहिती तिथेही नव्हती. तरी हजारोजणींनी दंड पुढे केला आणि पुढे काय काय झालं ते नोंदवत गेल्या. २१ एप्रिल २०२१ रोजी त्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या ३५ हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांची माहिती त्यात होती आणि धोक्याची उघड खूण दिसली नव्हती. त्यातल्या ३,९५८ जणींचा गरोदरपणाचा तपशील बारकाईनं ठेवला जात होता. माझे डोळे मात्र एका आकड्यावर थांबले. या ३,९५८ जणींपैकी ९४ टक्के आरोग्यसेवेतल्याच होत्या! पुढे जगातल्या गरोदर बायकांना डॉक्टर 'घ्या, हरकत नाही' असं म्हणू लागले, त्यामागची पहिली माहिती या सिस्टर आणि डॉक्टर बायकांच्या शरीरातून आली.

आपल्या सरकारला मी नुसता दोष देणार नाही. अमेरिकेतल्या लसी वेगळ्या, आपल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन वेगळ्या. तिथला पुरावा जसाच्या तसा इथे लावता येत नव्हता. पण दुसरी लाट वाट बघत थांबली नाही. जून २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं दोन लाटांची तुलना मांडली. पहिल्या लाटेत लागण झालेल्या गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांमध्ये लक्षणं दिसणाऱ्या १४.२ टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं. हे आकडे वाचल्यावर बराच वेळ मला काही सुचलं नाही.

१९ मे २०२१ रोजी पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली आणि २ जुलैला गरोदर बायकांना. माहिती घेऊन स्त्रीनं स्वतः निवड करावी, असं त्या वेळी सांगण्यात आलं. माझ्या भाचीची बाळंतपणाची खोली जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. निवड तिच्या दारात आली तेव्हा बाळ पाळण्यात होतं. मायलेकी सुखरूप. तिनं मग पाजणारी आई म्हणून लस घेतली.

आता तुम्ही म्हणाल, सुखरूप आहेत ना, मग कशाला उकरून काढता? अहो, सुखरूप राहिलेल्यांनीच हे बोलायला हवं. गरोदर बाईला 'नको' म्हणणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तोही एक निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम असतात, फक्त त्याच्याखाली कोणाची सही नसते. जिला रोज रोगाच्या तोंडाशी उभं राहायचं आहे, तिला माहितीही मिळायला हवी आणि ठरवण्याचा हक्कही. ज्या बाईला लस नको वाटते तिलाही तो हक्क आहेच, पण मग तिला त्या वॉर्डातून बाहेर काढण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी ना?

थोडं बदलतंय, हेही सांगते. तान्ह्या बाळांना श्वासाचा त्रास देणारा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. त्यावरची आईला द्यायची लस अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली. तिची चाचणी थेट सात हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांवर, त्यांच्या संमतीनं झाली होती. म्हणजे आधी तपासणी आणि मग वापर. केल्सीबाईंनी मागितलं होतं ते हेच.

असो. तुमच्या घरात, नात्यात कोणी सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई असेल आणि त्या दीड-दोन वर्षांत तिला दिवस गेले असतील, तर तिला एकदा निवांत बसवून विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी परिपत्रकं दप्तरात राहतीलच. तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मात्र कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.