उसण, सुई आणि पायाळूचा पाय

गेल्या वर्षी दिवाळीला चार दिवस उरले असताना माळ्यावरचा पितळी हंडा उतरवायला मी स्टुलावर चढलो. हंडा हाती आला आणि त्याच क्षणी कमरेत अशी काही कळ आली की हंडा सुटला, मी मात्र होतो तसाच राहिलो. ना पुरता उभा, ना पुरता वाकलेला. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, "हंडा पडला का हो?" मी म्हटले, "हंडा पडला, आणि मीही पडलो असेच धरून चाल." कमरेत उसण भरली होती.

पुढच्या आठ दिवसांत माझ्या कमरेवर घरीदारी प्रत्येकाने आपापला अंमल बसवला. सौभाग्यवतींनी तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी करून शेक दिला. शेजारच्या काकांनी महानारायण तेलाची बाटली आणून दिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दिवसभर पडून राहू नका, जमेल तसे हिंडत राहा, असे बजावले. मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्या ओळखीचे एक अ‍ॅक्युपंक्चरवाले आहेत, एकदा दाखवू या." मी तीन वेळा गेलो. त्या गृहस्थांनी मला पालथे झोपवले, थोड्या सुया कमरेत टोचल्या आणि दोन चक्क गुडघ्यांच्या मागच्या लवणीत. दुखणे कमरेत आणि सुई गुडघ्यामागे, हे काय गौडबंगाल, असे मनात आले. पण पालथ्या माणसाने वाद घालू नये.

भाऊबीजेला मी पाटावर बसून ओवाळून घेतले. मग घरात निराळाच वाद सुरू झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, मिठाचा शेक. काका म्हणाले, तेल. मुलगा म्हणाला, सुया. डॉक्टर फोनवर नुसते हसले. कंबर एक आणि दावेदार चार! मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दावेदार पुष्कळ झाले की कागदपत्रे मागायची खोड काही जात नाही. मुलाचा दावा सर्वांत लांबच्या देशातून आलेला, म्हणून आधी त्याचेच दप्तर उघडले.

ते दप्तर जुने निघाले. चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ म्हणजे 'ह्वांगदी नेइजिंग', पीतसम्राटाच्या नावावरचा. तो इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एकदोन शतकांत आकाराला आला असे मानतात. त्याच्या पहिल्या भागातला ४१ वा अध्याय सबंध कंबरदुखीवरच आहे! दुखणे कोणत्या मार्गाने जाते, मानेकडे ओढते की पोटाकडे, यावरून तेथे कंबरदुखीचे प्रकार पाडले आहेत. पाठीवर जड ओझे ठेवल्यासारखी कंबर दुखत असेल, तर गुडघ्यामागच्या लवणीत टोचून रक्त काढावे, मात्र वसंत ऋतूत काढू नये, असाही उपाय आहे. माझ्या गुडघ्यामागची सुई ही अशी दोन हजार वर्षांची पायपीट करून आली होती.

पुरावे जमिनीतूनही निघाले. १९६८ साली चीनमध्ये मानचंग येथे लिउ शेंग या राजपुत्राची कबर उघडली. तो इ. स. पू. ११३ मध्ये वारला. त्याच्याबरोबर सोन्याचांदीच्या वैद्यकीय सुया पुरलेल्या सापडल्या. पण इतिहास एका पुराव्यावर कधी समाधान मानू देत नाही. १९७३ साली मावांगद्वी येथील इ. स. पू. १६८ च्या कबरीतून रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ निघाले. त्यांत शरीरातले मार्ग आहेत, त्यांवर औषधी वनस्पतीचा डाग देणे आहे. सुया मात्र नाहीत. म्हणजे सुईची विद्या अनादी नव्हे. तिलाही बालपण होते.

पुढे तिला शिस्त लागली. सुंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयी या राजवैद्याने माणसाएवढे दोन ब्राँझचे पुतळे करवले. त्यांच्या अंगावर टोचण्याच्या जागी छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला वरून मेण लावीत आणि आत पाणी भरीत. विद्यार्थ्याची सुई योग्य जागी लागली तर पाणी बाहेर येई. चुकली तर विद्यार्थी नापास, असे सांगतात. मास्तर या नात्याने मला ही परीक्षा फार आवडली. वशिल्याला त्यात जागाच नाही! पण एवढा मान मिळालेल्या विद्येला १८२२ साली दाओग्वांग बादशहाने आपल्या राजवैद्यकशाळेतून बाहेर काढले. गावोगावच्या वैद्यांनी ती जगवली.

गंमत अशी की चीनच्या दरबारातून सुई बाहेर पडत होती, त्याच सुमारास युरोपात ती दिवाणखान्यात शिरत होती. तिकडे तिची ओळख डचांनी करून दिली. विलेम टेन ऱ्हाइने हा डच कंपनीचा वैद्य १६७४ ते १६७६ या काळात जपानात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता. तेथे पाहिलेल्या विद्येवर त्याने १६८३ साली लंडनमध्ये लॅटिन ग्रंथ छापला आणि 'आकुस' म्हणजे सुई व 'पुंक्तुरा' म्हणजे टोचणे, यांचा जोड करून तिचे बारसे केले. प्रसिद्ध संगीतकार हेक्तर बर्लिओझ याचे वडील लुई बर्लिओझ डॉक्टर होते. त्यांनी १८१० साली फ्रान्समध्ये रोग्यांना सुया टोचायला सुरुवात केली. लंडनच्या जेम्स मॉर्स चर्चिल या शल्यवैद्याने १८२१ साली यावर पुस्तक लिहिले. संधिवात आणि कंबरेची धरण हेच त्याचे मुख्य शिकार होते. या मंडळींनी चिनी मार्गांचे शास्त्र बरोबर घेतलेच नाही. दुखते तेथे टोचायचे, एवढाच मामला.

आणि मग आले विल्यम ऑस्लर. आधुनिक वैद्यकाच्या घरातले हे आजोबा. १८९२ साली निघालेले त्यांचे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केले. त्यात एकाएकी धरलेल्या कमरेवर सर्वांत गुणकारी इलाज म्हणून त्यांनी सुई सांगितली आहे. तीन-चार इंची सुया, बायका टोपीला लावतात तसल्याही चालतील, निर्जंतुक करून दुखऱ्या स्नायूत खुपसाव्या आणि पाच-दहा मिनिटांनी काढाव्या. पुष्कळांना लगेच उतार पडतो, असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, एवढ्यावर मुलाचा दावा सिद्ध झाला असे मी जाहीर करणार होतो. इतक्यात ऑस्लर यांचे चरित्र आठवले. हार्वी कुशिंग या मोठ्या मेंदूशल्यवैद्याने ते १९२५ साली लिहिले. त्यातली एक हकीकत कॅनडातल्या माँट्रिअलची आहे. पीटर रेडपाथ नावाचे साखरेचे धनाढ्य कारखानदार कंबरदुखीने बेजार होऊन आले. ऑस्लर तेव्हा तरुण होते. हा गृहस्थ खूश झाला तर मॅकगिल विद्यापीठाला दहा लाख मिळतील, अशी त्यांची आशा. त्यांनी सुया टोचल्या. प्रत्येक सुईबरोबर म्हातारबुवांनी शिव्यांची माळ लावली आणि शेवटी होते तसेच लंगडत निघून गेले! रेडपाथ यांनी मॅकगिलला १८८२ साली वस्तुसंग्रहालय आणि १८९३ साली ग्रंथालय दिले, म्हणजे विद्येचे नुकसान झाले नाही. पण ज्या सुईची पुस्तकात इतकी शिफारस, ती तेवढी गाजलेली कंबर काही सरळ करू शकली नाही.

आपल्याकडे सुई आली तिची वाट सोलापूरच्या एका नावावरून जाते. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांची कहाणी शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटाने घराघरांत नेली. कोटणीस शल्यवैद्य होते आणि १९४२ साली चीनमध्येच वारले. त्यांच्याच पथकातले कलकत्त्याचे डॉक्टर विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुया टोचू लागले. आता तर महाराष्ट्राने या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाच केला आहे.

पाश्चात्त्य जगात खरा गाजावाजा झाला तो १९७१ साली. जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार पेकिंगला गेले असता त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. शस्त्रक्रिया नेहमीचे बधिरीकरणाचे औषध टोचून झाली; सुया टोचल्या त्या नंतर, पोटातली अस्वस्थता घालवायला. रेस्टन यांनी तसेच छापले. लोकांनी मात्र सुयांवर पोट फाडले असेच वाचले, आणि अजून काही जण तेच सांगतात. माणूस छापील मजकुरातही आपल्याला हवे ते वाचतो.

यानंतर शास्त्रज्ञ मोजमापाला बसले. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांचे तीन गट केले आणि २००७ साली निकाल छापला. खऱ्या सुयांनी सहा महिन्यांनंतर ४७.६ टक्क्यांना बरे वाटले. नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. सुई जिंकली म्हणावे, तर तिसऱ्या गटाला मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचले होते, त्यांच्यातही ४४.२ टक्के बरे! वांग वेइयीच्या परीक्षेत नापास होणारी सुईसुद्धा जवळजवळ तेवढेच गुण घेऊन आली. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २००९ साली रेंगाळणाऱ्या कंबरदुखीला सुया द्या म्हटले आणि २०१६ साली कंबरदुखीला सुया देऊ नका म्हटले. अमेरिकेतल्या वैद्यांच्या संस्थेने २०१७ साली नुकत्याच धरलेल्या कमरेसाठी शेक, मर्दन आणि सुई यांना परवानगी दिली. सुईचा पुरावा कच्चा आहे, असेही लिहिले. पण त्याआधी जे लिहिले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अशी एकाएकी धरलेली कंबर, उपचार कोणताही करा, बहुतेकांची काही दिवसांत वा आठवड्यांत आपली आपण सुटते.

म्हणजे चारही दावेदारांचा दावा एका वाक्यात निकालात निघाला! शेकाने बरे वाटते, सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामके सोडते, असेही प्रयोग झाले आहेत. तेवढा दिलासा खरा, आणि कळ सोसणाऱ्याला तो थोडा नव्हे. पण दुखणे जाणारच होते. जाताना वाटेत जो भेटला, त्याने त्याला निरोप दिला, इतकेच.

हे वाचले आणि मला माझी आजी आठवली.

आमचे गाव वाळव्याकडचे. आजी पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आलेले. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते हा आपल्याकडचा जुना समज. सकाळी आमच्या सोप्यात कोणी ना कोणी पालथा पडलेला असेच. आजी भिंतीचा आधार घेऊन डावा पाय त्याच्या कमरेला तीनदा लावी. पैसा घेत नसे. त्यातले बहुतेक चार-आठ दिवसांत बरे होऊन शेतात जात, आणि आजीच्या पायाची कीर्ती वाढे. आज कळते की ऑस्लरची सुई आणि आजीचा पाय एकाच पाटावर बसले होते.

पण त्या सोप्यातला एक दिवस मी विसरलो नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. भावकीतला एक तरुण गडी तिसऱ्यांदा आला. दीड महिना दुखत होते. संध्याकाळी कणकण येई, अंगावरचे कपडे सैल झाले होते. तो सवयीने पालथा झोपायला लागला. आजी म्हणाली, "ऊठ बाबा. माझा पाय आता लागायचा न्हाई."

तो म्हणाला, "का हो काकी, काय चुकलं का?"

"चुकलं न्हाई. पर दोनदा पाय लावून जी जात न्हाई ती उसण न्हवं. रात्रीची झोप मोडती म्हणतोस, ताप येतो म्हणतोस. उद्याच्या गाडीनं मिरजेला जा, मोठ्या डाक्तराला दाखीव."

त्याची बायको रडू लागली. तिला वाटले आजी कोपली. आजीने आपल्या पदराच्या गाठीचे पैसे सोडून तिच्या हातावर ठेवले. मिरजेला मणक्याचा क्षय निघाला. पुष्कळ महिने त्याला अंथरुणावर काढावे लागले, इंजेक्शने आणि गोळ्या झाल्या. पण पाय लुळे पडण्याआधी तो पोहोचला होता. पुढे माझ्या लग्नात त्याने पंगतीत वाढले. थोडा पोक आलेला, पण स्वतःच्या पायांवर.

आजीला अक्षर येत नव्हते. ताप, उतरते वजन, रात्रीची न थांबणारी कळ, पडल्यानंतरचे दुखणे, पायांतली शक्ती जाणे, मांड्यांमध्ये बधिरता येणे, लघवी अडणे किंवा न कळत होणे, असे काही असेल तर थांबू नका, शेवटच्या दोन-तीन गोष्टी असतील तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, असे आज कोणताही चांगला डॉक्टर सांगतो. त्यातल्या दोन खुणा तिला सोप्यातल्या पाहण्याने कळल्या होत्या. कीर्ती सांभाळायची असती तर तिने चौथ्यांदाही पाय लावला असता.

सुई टोचणारा असो, तेल लावणारा असो की गोळ्या देणारा, जाणारी उसण घालवण्यात त्याची परीक्षा नाही. ती सर्वांचीच जाते. न जाणारी ओळखून हात मागे घेतो की नाही, तेथे पाणी बाहेर येते.

असो. मुलाला मी सांगितले, तुझे सुयावाले भले गृहस्थ आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ताप येतो का, पायाला मुंग्या येतात का, हे विचारून घेतले होते. ते ऐकून मुलगा खूश झाला. सौभाग्यवतींना शेकाचे श्रेय मी लेखी देऊन टाकले. त्यात शहाणपण आहे. आणि यंदा हंडा उतरवायला नातवाला स्टुलावर चढवले आहे. मी खाली उभा राहून इतिहास सांगतो.