माळावरची दुर्बीण

'दुर्बीण' हा शब्द आपल्या सीमाभागात कोणा एका भाषेच्या मालकीचा नाही. फारसीतील 'दूर' आणि 'बीन', म्हणजे पाहणारा, यांपासून तो बनला. दख्खनी उर्दूने तो 'दूरबीन' म्हणून वापरला, मराठीने त्याची 'दुर्बीण' केली आणि कन्नडने 'दुर्बीनु'. 'शिकार' हा शब्दही असाच तिन्ही भाषांत रुळला. मात्र ज्याच्यासाठी ही दुर्बीण डोळ्यांना लागली त्या प्राण्याची नावे प्रत्येकाने आपापली ठेवली. मराठीत तो काळवीट, उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये चिगरी आणि दख्खनीत हिरन. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि तिकडे आळंद-कलबुर्गीपर्यंत पसरलेल्या उघड्या माळावर या प्राण्याची शिकार कशी होई, तिच्यासाठी दुर्बीण कोणती निवडत आणि त्या निवडीतून आपल्याच भूमीविषयी काय कळते, हे पाहण्यासारखे आहे.

जंगलातल्या शिकाऱ्याला कान लागतो, माळावरच्या शिकाऱ्याला डोळा. झाडी नाही, आडोसा नाही. शिकारी जितका दूरवर पाहतो तितकेच सावजही पाहते. काळविटाची नजर तीक्ष्ण असते, आणि एकदा कळप उधळला की ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने पळणाऱ्या त्या प्राण्याला गाठणे कोणाच्या बापाला शक्य नसे. म्हणून जुन्या शिकारीचे सारे कसब दिसूनही न दिसण्यात होते. पारध्यांपैकी काहीजण शिकवून तयार केलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडून कळपाजवळ सरकत. फासेपारधी वाटेवर फास मांडून ठेवत. संस्थानिक मंडळी डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून नेत, कारण काळवीट गाडीला शेतकऱ्याची गाडी समजून फारसे बुजत नसे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी चित्त्यांची ही शिकार प्रसिद्ध होती आणि चित्ते सांभाळणाऱ्यांना 'चित्तेवान' असे नावच पडले होते. आपल्या दक्षिणेला सुरपूरचे नायक तर बेरड, आणि कन्नड 'बेड' म्हणजे शिकारीच. या कोणालाही दुर्बिणीची गरज भासली नाही. त्यांची सगळी विद्या जवळ जाण्याची होती.

या मुलखातील माळावर भिंगाचे मोठे काम प्रथम झाले ते शिकारीसाठी नव्हे, मोजणीसाठी. विल्यम लॅम्बटनने मद्रासहून आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत १८१५ मध्ये बीदरनजीक दामरगिद्दा येथे पोहोचली. तेथे पायारेषा मोजली गेली, आणि ती पुढे १८४१ मध्ये नव्या साधनांनी पुन्हा मोजण्यात आली. जॉर्ज एव्हरेस्टने १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या नावातच १८ अंश ३ मिनिटे १५ सेकंद हे दामरगिद्द्याचे अक्षांश घातले आहेत. या मोजणीदारांकडे त्या काळची उत्तमोत्तम भिंगे होती, तरीही त्यांना एका गोष्टीने जेरीस आणले. दिवसा तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि दूरची खूण नाचू लागते. लॅम्बटन म्हणूनच हवा धुऊन निघालेल्या पावसाळ्यात काम करी. त्यात माणसे तापाने आजारी पडत. एव्हरेस्टने पुढे रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्याचा मार्ग धरला. भिंग कितीही मोठे असले तरी ते हवेची थरथरही तितकीच मोठी करून दाखवते, हा धडा पुढे माळावरच्या प्रत्येक शिकाऱ्याला नव्याने शिकावा लागला.

शिकाऱ्याला दुर्बीण लागली ती रायफल आली तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराच्या दारूची, लांब पल्ल्याची रायफल हाती आल्यावर दीडदोनशे पावलांवरून नेम धरता येऊ लागला, आणि प्रश्न बदलला. जवळ कसे जावे हा प्रश्न मागे पडून, एवढ्या कळपातून कोणता निवडावा हा पुढे आला. चांगला शिकारी मादीवर आणि कोवळ्या नरावर गोळी टाकीत नसे. वयाबरोबर काळा होत जाणारा, पिळदार शिंगांचा जाणता नर ओळखायचा, तर अर्ध्या मैलावरून शिंगांचे पीळ दिसले पाहिजेत. नुसत्या डोळ्यांचे ते काम नव्हते.

आरंभी मिळे ती जोडदुर्बीण गॅलिलिओच्या पद्धतीची. दोन सरळ नळ्या, तीन ते पाच पट वाढ आणि दिसणारा भाग अगदी चिंचोळा. तीत कळप सापडेपर्यंतच घाम निघे. इटलीच्या इग्नाझिओ पोरोने १८५४ मध्ये लोलकांची जोडी वापरून लांब नळी आखूड करण्याची आणि उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती काढली होती. पण तितकी निर्मळ काच मिळेना. ती युक्ती साधली जर्मनीतल्या येना येथे. झाइसच्या कारखान्याने अर्न्स्ट आबेच्या देखरेखीखाली १८९४ मध्ये लोलकांच्या जोडदुर्बिणी विक्रीस काढल्या. याच कारखान्याची १९२० मधली ८×३० मापाची 'डेल्ट्रिन्टेम' हजार मीटरवर सुमारे दीडशे मीटर रुंदीचा पट्टा एकदम दाखवी. माळावर पांगलेला अख्खा कळप नजरेत मावावा, अशी ही सोय होती.

मग निवड कशी करावी? दुर्बिणीवर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला वाढीचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. आठपट वाढ म्हणजे आठशे मीटरवरचा काळवीट शंभर मीटरवर आल्यासारखा दिसतो. मग बारापट, सोळापट का घेऊ नये? कारण हाताचा कंप आणि तापल्या हवेची थरथरही तितक्याच पटीने वाढते. दिवस वर आला की सोळापटीच्या दुर्बिणीत काळवीट पाण्यात उभा असल्यासारखा लडबडतो, तर सहापटीत तो लहान पण ओळखू येण्याजोगा राहतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ७×५० मध्ये ती सुमारे सात मिलिमीटर, ८×३० मध्ये पावणेचार. तरुण माणसाची बाहुली काळोखात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण माळावरच्या उन्हात ती दोनतीनवर येते. म्हणजे ७×५० ची जड दुर्बीण जहाजावर आणि रात्री कामाची. दिवसभर पायपीट करणाऱ्याने तो भार गळ्यात का वागवावा?

आणखी दोन गोष्टी जाणकार पाहत. प्रत्येक डोळ्याचे भिंग स्वतंत्र फिरवून जुळवायची दुर्बीण कमी सोयीची वाटते. पण शंभर पावलांपलीकडे पाहताना ती एकदा जुळवली की पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि मधल्या चाकाच्या फटी नसल्याने धूळही कमी शिरते. दुसरी गोष्ट काचेवरच्या लेपाची. लेप नसलेल्या काचेच्या दर पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग असले की सुमारे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो आणि मावळत्या उन्हाकडे पाहताना सारे चित्र धुरकट होते. यावरचा उपाय झाइसच्याच स्माकुलाने १९३५ मध्ये शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ६×३० दुर्बिणी जुन्या बाजारात आल्या. त्या घेताना दूरच्या कळसाकडे पाहायचे आणि दोन कळस दिसले तर खाली ठेवायची. भिंगात बुरशीचे जाळे आहे का तेही पाहायचे. हे नियम आजही तसेच लागू आहेत.

बंदूक मात्र राहिली नाही. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा पक्षी पाहणे आणि नमुन्यासाठी तो मारणे ही दोन्ही कामे एकाच मोहिमेत होत. पुढे १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिकारीवर पूर्ण बंदी आणली. १९७९ मध्ये आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य झाले. कन्नडमध्ये माळढोकाला 'एरेभूत' म्हणतात, म्हणजे काळ्या रानातले भूत. आज तो खरोखरच भुतासारखा झाला आहे. पुष्कळांनी ऐकलेला, फार थोड्यांनी पाहिलेला.

काळवीट त्या मानाने तगला. बीदरजवळ कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस संस्थेने उभारलेल्या निवासाचे नावच 'ब्लॅकबक' आहे, आणि तेथे येणारे पाहुणे गळ्यात दुर्बीण अडकवून येतात. पण आता धोका बंदुकीचा नाही, कागदाचा आहे. माळाला आपल्या दप्तरात 'पडीक' म्हणतात. २००० सालापासून निघणाऱ्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही खुरट्या झुडपांची आणि गवताची राने याच सदरात पडतात. एकदा पडीक म्हटले की तेथे झाडे लावणे, नांगर घालणे वा कारखाना काढणे हा उद्धारच ठरतो. दाट लावलेल्या झाडीत काळवीट राहत नाही, कारण धोका लांबून दिसणे हेच त्याचे संरक्षण. फासेपारध्याला हे ठाऊक होते आणि रायफलवाल्यालाही. ज्यांनी काळवीट मारला त्यांनाच, तो कशावर जगतो हे आधी शिकावे लागले होते.

दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, ज्वारी अजून डोक्याएवढी झालेली नसते आणि सकाळी नऊपर्यंत थरथर सुरू होत नाही. घरात आजोबांची जुनी दुर्बीण असेल तर तिची काच मऊ कापडाने पुसून मुलांच्या हाती द्यावी आणि गावाबाहेरच्या माळावर न्यावे. पूर्वी शिंगांचे पीळ पाहत. आता नर किती, माद्या किती, पाडसे किती, एवढे वहीत टिपावे, तारीख घालावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावे. चिगरी म्हणा की काळवीट, जिथे तो मोजला गेला त्या जमिनीला 'पडीक' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला निदान एक वही तरी हाती राहील.