सुपारी आणि उचल

जुलै 2013. पावसाची रिपरिप चालू आहे आणि तुम्ही कुरुळी फाट्यावरच्या टपरीत चहा घेत उभे आहात. जो तो बजाजच्या संपावर बोलतोय. चाकणच्या कारखान्यातले कामगार 25 जूनपासून बाहेर आहेत. माणशी पाचशे शेअर, तेही एक रुपयाला, ही त्यांची मागणी ऐकून शेजारच्या कंपनीतला ठेकेदारीवरचा पोरगा हसतो; हसण्यात थोडा हेवाही आहे. पन्नास दिवसांनी हे लोक शेअर न घेताच परत कामावर जातील. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण सांगायची सोय नाही.

याच पावसाळ्यात तिकडे अमेरिकेत मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे वादकही दाराबाहेर बसलेत. मोठी पगारकपात त्यांनी नाकारली, म्हणून ऑक्टोबर 2012 पासून व्यवस्थापनाची टाळेबंदी. सभागृहाच्या नूतनीकरणाला मात्र पाच कोटी डॉलर निघाले. तरी त्यांच्या हातात, मुदत संपलेला का होईना, करार आहे, युनियन आहे. भांडायला कागद आहे.

आता नाशिकच्या दिशेने निघा. चाकण, खेड, मंचर, कळंब. गावं मागे पडतात तशी वर्षंही. नारायणगावात उतरता तेव्हा नव्वदच्या दशकातला गुढीपाडवा आहे आणि तुमच्या खांद्याला ढोलकी आहे.

तमाशा फडांच्या राहुट्या लागल्यात. बाहेर फडाचा बोर्ड, आत सतरंजीवर मॅनेजर, पुढ्यात वही. यात्रा कमिट्यांचे पंच टोप्या सावरत एका राहुटीतून दुसरीत शिरतात. कालाष्टमीची तारीख मागणारी गावं इतकी, की मॅनेजरचा आवाज आपोआप चढतो. तीच मंडळी, तोच वग. आडतारखेला मात्र तो पंचांना चहा पाजून सुपारी, म्हणजे खेळाचं बुकिंग, घेतो. रात्रीचा खेळ आणि सकाळची हजेरी ठरते. वाजवणारे तुम्ही, पण आकडा ठरताना तुम्हाला कुणी विचारत नाही.

तुमचा आकडा पावसाळ्यातच ठरला. फड बंद होता, घर गळत होतं, मालक आला आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन गेला. दसऱ्यापासून तुम्ही ती फेडताय. मालकाला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यानेही ते पैसे सावकाराकडून व्याजाने आणलेत. ट्रक, तंबू, जनरेटर आणि शंभरभर माणसांचं रोजचं जेवण त्याच्या डोक्यावर आहे. पावसाने एक खेळ बुडाला तरी चूल पेटवावीच लागते.

राहुटीमागे दुसऱ्या फडाचा माणूस तुम्हाला गाठतो. "मास्तर, मागची उचल आमचा मालक फेडंल. येता का?"

इथला संप असा होतो. ना नोटीस, ना घोषणा. सोंगाड्या रात्रीतून निघून गेला, तर सकाळी वग कुणाच्या जिवावर उभा करायचा? मालकाचा सगळा कारभार या एका धास्तीवर चालतो. तुमच्याकडेही दुसरं हत्यार नाही. पेन्शन, फंड हे शब्द कारखान्याच्या गेटाआतले. याच गावच्या तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींनी गौरवलं. 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणग्यांमधून भागवावं लागलं. फड ज्यांच्या नावावर चालला त्यांची ही गत, तर ढोलकीवाल्याचं काय!

तुम्ही "बघतो" म्हणता आणि आणखी एक पाडवा गाठता: 25 मार्च 2020. देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. यात्रा रद्द, सुपारी कुठून येणार? चैत्र-वैशाखात फेडायची उचल तुमच्या अंगावर तशीच आहे. मालकाचा फोन येतो. तो पैसे मागत नाही, सावकार दारात बसलाय एवढंच सांगतो. मग तुम्हीच विचारता, "यंदाचा हिशेब कसा धरायचा?"

"पुढच्या दसऱ्याला बघू," तो म्हणतो. व्याज थांबणार का, हे तुम्ही विचारत नाही आणि तोही बोलत नाही.