चक क्लोज आणि माझी चुकलेली स्लाइड

मागे आपण सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतल्या फरकावर बोललो, तेव्हा एकाने विचारलं होतं की याची उदाहरणं नेहमी प्रयोगशाळेतलीच का देता? म्हणून आज एका चित्रकाराची गोष्ट. तिच्यात माझी फजितीही आहे, आणि तिथूनच सुरुवात करते.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी विभागाच्या सेमिनारमध्ये मी 'इजेनंतर मेंदू कसा जुळवून घेतो' हा विषय घेतला होता. शेवटी श्रोते जागे राहावेत म्हणून एक देखणी स्लाइड केली. डावीकडे अमेरिकन व्यक्तिचित्रकार चक क्लोज यांचं १९६७-६८ चं 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट' : काळंपांढरं, सुमारे नऊ फूट उंच, दाढीचा खुंट न् खुंट दिसावा इतकं हुबेहूब. उजवीकडे त्यांचंच नव्वदच्या दशकातलं स्वतःचं चित्र : रंगीत चौकोन, त्यांत गोल, गोलांत आणखी गोल, आणि लांब गेलं की त्यातून उमटणारा चेहरा. मध्ये एक बाण आणि बाणावर लिहिलेलं, '१९८८ : पक्षाघात'.

सगळ्यांना आवडली. फक्त मागे बसलेल्या एका मॅडमनी विचारलं, "बाणाच्या आतली वीस वर्षं कुठे गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ती गोष्ट एका व्हिडिओतून उचलली होती.

मग शोधायला बसले. क्लोज यांचा जन्म १९४० चा, वॉशिंग्टन राज्यातला. अकरा वर्षांचे असताना वडील गेले. वाचन-लेखन जड जायचं, आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो. शिवाय माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत. या अवस्थेला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. आता गंमत बघा, ज्याला चेहरे ओळखता येत नाहीत तो आयुष्यभर चेहरेच काढतो! पण स्वतः क्लोज यांचं म्हणणं असं, की चेहरा एकदा सपाट झाला, म्हणजे फोटोत आला, की तो त्यांच्या लक्षात राहायचा.

त्यांची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. शाळेत गणपतीचं चित्र मोठं करायचं असलं की आपण मूळ चित्रावर चौकटी आखायचो आणि एकेक चौकट कागदावर उतरवायचो. क्लोज तेच करायचे, फोटोवर. अख्ख्या चेहऱ्याने दडपून जायला होतं, पण एक चौकट कुणालाही पेलते. ही सवय त्यांना पक्षाघाताच्या वीस वर्षं आधीपासून होती.

आणि त्या वीस वर्षांत माणूस एका जागी थांबला नव्हता. १९७० च्या सुमारास छापखान्यासारखे तीनच रंग एकावर एक चढवून त्यांनी रंगीत चेहरे केले. १९७३-७४ मध्ये 'रॉबर्ट / १०४,०७२' केलं. नावातला आकडा म्हणजे चित्रातल्या चौकोनांची संख्या! (थीसिसच्या डेटाएन्ट्रीला कंटाळलेल्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा.) १९८५ मध्ये पत्नीच्या आजीचं, फॅनी यांचं, चित्र बोटांच्या ठशांनी केलं. १९८६-८७ च्या 'लुकस' मध्ये रंग सैल, फटकारे मोकळे झाले आहेत. १९८७ मध्ये चित्रकार ॲलेक्स कॅट्झ यांचा चेहरा केला, 'ॲलेक्स', तोही त्याच वळणाचा.

म्हणजे मी ज्याला पक्षाघाताचा परिणाम म्हणत होते, ते पक्षाघाताच्या आधीच सुरू झालेलं होतं. कारणाच्या आधी परिणाम! पहिल्या सेमिस्टरचा विद्यार्थीसुद्धा ही चूक पकडेल, फक्त त्याला मधली चित्रं दिसायला हवीत. मी ती दाखवलीच नव्हती.

७ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये एका पारितोषिक समारंभात त्यांच्या छातीत दुखू लागलं. मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला होता. त्याच दिवशी मानेखालचं शरीर लुळं पडलं. वय ४८. पुढचे कित्येक महिने रुग्णालयात आणि पुनर्वसनात गेले. हातांत थोडी हालचाल परतली, बोटांची पकड मात्र आली नाही. पत्नी लेस्ली यांनी रुग्णालयाच्या मागे लागून त्यांना चित्रं काढण्याची सोय करून घेतली. मनगटाला आधारपट्टी, पट्टीत अडकवलेला ब्रश, आणि हालचाल दंडातून, खांद्यातून. तिथे १९८९ मध्ये त्यांनी कोणतं चित्र केलं? 'ॲलेक्स २'. पुन्हा तोच माणूस, पण कॅनव्हास आधीच्यापेक्षा खूपच लहान, अवघा तीन फूट उंच.

संशोधक म्हणून मला इथे खरा मुद्दा सापडला. पुढे त्यांनी पुन्हा प्रचंड कॅनव्हास हाताळले, ते शरीर पूर्ववत झालं म्हणून नव्हे. ते शेवटपर्यंत चाकाच्या खुर्चीतच होते. स्टुडिओत कॅनव्हास मोटरने वर-खाली सरकायचा, जमिनीतल्या खाचेत उतरायचा, म्हणजे हवी ती चौकट हातासमोर यायची. मदतनीस होते, पैसा होता, नाव होतं, हट्टाने उभी राहिलेली पत्नी होती. आणि एकेका चौकटीपुरता विचार करायची जुनी पद्धत होती, जिला बोटांची नजाकत फारशी लागतच नव्हती. 'कलेने बरं केलं' या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही.

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, बरं होणं आणि सावरणं. क्लोज बरे झाले नाहीत, सावरले. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो त्याला घरचं कारण आहे. माझ्या मामाला अर्धांगवायू झाला तेव्हा कुणीतरी घरच्या ग्रुपवर असाच एक व्हिडिओ टाकला, इच्छाशक्तीने आजारावर मात वगैरे. मामाने तो पाहिला आणि मला विचारलं, "मग मीच कुठे कमी पडतोय का गं?"

या चित्रांचा विज्ञानाला उपयोग झाला, तो वेगळ्याच वाटेने. डेनिस पेली या दृष्टिसंशोधकाने १९९९ मध्ये 'सायन्स' मध्ये क्लोज यांच्या चित्रांवर शोधनिबंध लिहिला. चित्राच्या जवळ उभं राहिलं की नुसते सपाट ठिपके दिसतात, मागे सरकत गेलं की एका अंतरावर नाक अचानक पुढे येतं. हे अंतर मोजून त्याने दाखवलं की ठिपके डोळ्याला किती मोठे दिसतात यावर आपल्याला आकार कसा दिसतो हे अवलंबून असतं. तोवर आकाराची जाण मापावर अवलंबून नसते असंच बरेचजण धरून चालत. साधन म्हणाल तर तयार चित्रं आणि मोजपट्टी. मला हा निबंध फार आवडतो, जरूर वाचा.

क्लोज यांची गोष्ट इथे संपली असती तर लिहायला सोपी होती. २०१७ मध्ये मॉडेल म्हणून स्टुडिओत आलेल्या काही महिलांनी त्यांच्यावर अश्लील बोलण्याचे आरोप केले. त्यांनी माफी मागितली, आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने ठरलेलं प्रदर्शन बेमुदत पुढे ढकललं. २०२१ मध्ये ते वारले. त्यांना स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार झाला होता, ज्यात वागण्यावरचा ताबा सुटतो, हेही तेव्हा पुढे आलं. लगेच काहींनी नवा बाण काढला, आजारामुळे ते वर्तन. असेलही काही अंशी, पण एका बाणावर आता माझा विश्वास बसत नाही, आणि त्या महिलांना जे सोसावं लागलं ते निदानाने पुसलं जात नाही.

स्लाइड मी बदलली. आता त्यावर 'ॲलेक्स' आणि 'ॲलेक्स २' शेजारी-शेजारी आहेत, खाली वर्षं आणि मापं. बाण नाही.

मामाला मी क्लोज यांचा फोटो दाखवला, मनगटाला ब्रश बांधलेला. त्याने चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही पट्टी कुठे मिळते?" एवढंच विचारलं. त्याचं किराणाचं दुकान आहे आणि उधारीची वही तो कायम स्वतः लिहायचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी तशीच एक पट्टी पेनासाठी करून दिली. अक्षर वेडंवाकडं येतं, पण कुणाचे किती बाकी आहेत ते वाचता येतं.