कुसळ आणि पडीक जमीन

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सर्रास वापरतो. कुसळ म्हणजे काय, असं शहरातल्या मुलांनी विचारलं की मी सांगतो, दिवाळीनंतर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर एक चक्कर मारून या. उत्तर पायमोज्यांत अडकून तुमच्याबरोबर घरी येईल.

माळावरच्या एका गवताला या कुसळांमुळेच कुसळी म्हणतात. लिनियसनं १७५३ साली त्याची नोंद केली आणि नावात ‘पिळवटलेलं’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला. बीच्या एका टोकाला अणकुची असते, दुसऱ्या टोकाला लांब केस. हवा दमट झाली की केसाचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. या फिरण्यानं बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी अशा बियांवरचा आपला अभ्यास १८७६ साली प्रसिद्ध केला होता. जिथे नांगर अडतो, त्या मुरमाड माळावर हे गवत स्वतःची पेरणी स्वतःच करतं.

त्याची मुळं वीतभर माती धरून ठेवतात, पावसाचं पाणी मुरवतात. ठोंबांच्या आडोशाला चंडोल घरटं करतो. चिंकारा आणि लांडगा याच माळावर जगतात. मेंढपाळांचं मात्र कुसळीशी अर्धंच सख्य आहे. पावसाळ्यात कोवळी असताना मेंढरं ती आवडीनं खातात. कुसळं धरली की ती तोंडाला टोचतात, लोकरीत अडकतात. अति चराईनं पवन्यासारखी सकस गवतं हटली की कुसळी पुढे येते. म्हणजे ती माळाच्या दुखण्याची खूणही आहे आणि मलमपट्टीही.

एके काळी गवत ही दौलत होती. पेशवाईत घोड्यांसाठी कुरणं राखली जात. १८१८ नंतर कंपनीचं राज्य आलं. प्रिंगलसाहेबाच्या जबर आकारणीनं इंदापूरची शेती उजाड झाली, शेतकरी परागंदा झाले. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नवी, हलकी आकारणी लागू केली. ओस जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. रयतेला दिलासा मिळाला, हे मान्यच करायला हवं. पण जी जमीन पिकाखाली नाही, ती सारा देत नाही. जी सारा देत नाही, ती पडीक, ही नजरही त्या काळात पक्की झाली.

स्वातंत्र्यानंतरही ती बदलली नाही. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे गट मांडले. दख्खनचा माळ हा त्यातला एक, पवन्या-मारवेल गटातला. तरी १९८५ साली राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं, ते ‘पडीक जमीन’ विकासाचं! गवत खणून खड्डे पाडले गेले आणि त्यांत गिरिपुष्पाची परदेशी झाडं लावली गेली. हेतू चांगला होता. पण उघड्या माळावर वाढलेल्या प्राण्यांना सावली नको असते, लांबवरचं दिसायला हवं असतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याला कारणं अनेक. त्याचा माळ आपण मोकळा ठेवला नाही, हे त्यातलं एक.

झाडं लावावीत, जरूर लावावीत. पण खड्डा खणण्याआधी तिथे काय उगवतं, ते खाली वाकून पाहावं. पायाला टोचणारं कुसळ आपल्याला लगेच कळतं. ‘पडीक’ या शब्दाचं मुसळ मात्र दोनशे वर्षं होत आली, तरी दिसलेलं नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)